दोन देशांचा सिक रिपोर्ट

आमच्या घरात एक रजिस्टर आहे. लांबट, हिरव्या पुठ्ठ्याचं, बाजारात कुठंही मिळतं तसलं. त्यात दुधाचं, उसाचं, पाण्याच्या पाळीचं काहीही नाही. प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीनं ओढलेली एक रेघ आहे. रेघेच्या डावीकडे वर 'जर्मनी' लिहिलंय आणि उजवीकडे 'आयर्लंड'. जर्मनीत माझी थोरली मुलगी असते, आयर्लंडात धाकटा मुलगा. दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की मी आधी तिला आणि मग त्याला तब्येत विचारतो, आणि जे उत्तर येईल ते तारखेपुढे उतरवतो. सहा वर्षं झाली, एकही रविवार चुकलेला नाही.

मी फौजेत होतो, पण बंदुकीपेक्षा थर्मामीटर झटकण्यातच माझी नोकरी गेली. मी नर्सिंग असिस्टंट. गावात मला 'डॉक्टर' म्हणतात. चेष्टेनं म्हणतात की मानानं, हे मी कधी खोलात जाऊन विचारलं नाही. पलटणीत रोज सकाळी सिक रिपोर्ट असतो. ज्या जवानाला बरं नाही त्यानं पलटणीच्या दवाखान्यात यायचं आणि काय होतंय ते सांगायचं. ते रजिस्टरात उतरवायचं काम माझं. पहिल्याच आठवड्यात सुभेदारसाहेबांनी मला बजावलं होतं, "जवान जो बोलेगा वही लिखना. अपनी डॉक्टरी मत घुसाना." पोटात आग पडलीय म्हणाला तर आग पडलीय असंच लिहायचं. आपल्या मनानं रोगाचं नाव घालायचं नाही. ती सवय हाडात मुरली ती आजतागायत आहे.

मी काळजीखोर माणूस आहे, हेही आधीच कबूल करून टाकतो. बायको म्हणते, "ह्यास्नी घरात काळजी न्हाई घावली तर शेजारच्याकडनं मागून आणत्याल." ती खोटं बोलत नाही. मुलगी नर्सिंग शिकून जर्मनीला गेली आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या एका संस्थेत लागली, तेव्हा मला पहिले सहा महिने जेवण गोड लागलं नाही. दोन वर्षांनी मुलगा कराडला इंजिनिअरिंग करून, पुण्यात थोडा घासून, आयर्लंडला गेला. तेव्हापासून छातीत सारखी बारीक धडधड सुरू झाली. मी स्वतः वीस वर्षं घराबाहेर काढली होती. सरहद्दीवरच्या इस्पितळात काविळीनं पिवळाधमक होऊन पडलो होतो, तेव्हाही घरी कार्ड टाकलं होतं की मी इकडे खुशाल आहे, काळजी नसावी. त्यामुळे लांब राहणाऱ्या माणसाच्या खुशालीत पाणी किती असतं हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच रजिस्टर घातलं. म्हटलं, एका रविवारचं उत्तर खोटं असेल, पण वर्षावर्षाचं ओळीनं समोर असलं की काहीतरी कळेलच.

आणि कळलं. निदान मला तसं वाटलं.

जर्मनीच्या बाजूला काय काय लिहिलेलं आहे ते सांगतो. 'कंबर धरलीय, दोन आज्ज्या उचलल्या.' 'सर्दी, नाक थांबंना.' 'दाढ ठणकतीया.' 'उजवा गुडघा.' 'आठ दिवस ऊन न्हाई, रडू येतंय, का ते कळंना.' 'पाय सुजल्यात.' कधी कधी तिची तक्रार दोन ओळींत मावायची नाही, मग मी शेजारच्या आयर्लंडच्या हद्दीत घुसून लिहायचो. तिकडे जागा भरपूर असायची. कारण आयर्लंडच्या बाजूला वरपासून खालपर्यंत दोनच शब्द. 'एक नंबर.' 'एक नंबर.' 'एक नंबर, पाऊस लय.' 'एक नंबर.'

सहा वर्षांचा हा कागदी पुरावा समोर ठेवून मी पक्कं मत बनवलं. जर्मनी हा तब्येतीला वाईट देश. थंडी हाडात शिरते, कामाला माणसं पिळून काढतात. आयर्लंड मात्र उत्तम. हिरवंगार, गायी, दूधदुभतं, अगदी आपल्या कृष्णाकाठासारखं. मी हे पारावर बसून सांगायचो आणि लोक ऐकून घ्यायचे. माझ्या पलटणीतला एक जुना दोस्त कवठे महांकाळला असतो. त्याची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. त्यानं फोन करून विचारलं, "डॉक्टर, पोरीला जर्मनीला धाडू का आयर्लंडला? तुजी दोनी बी पोरं हायती, तुला जास्त ठावं." मी चष्मा लावला, रजिस्टर उघडलं आणि त्याला मागची दोन वर्षं वाचून दाखवली. म्हटलं, "आता तूच ठरीव गड्या. आयर्लंडला धाड." त्याला माझ्या रजिस्टरचं फार कौतुक वाटलं. मला त्याहून जास्त.

बायकोला मात्र या रजिस्टरचं कधीच काही वाटलं नाही. ती वडूजच्या बाजूची. तिच्या माहेरी पाऊस कमी आणि बोलणं त्याहून कमी. तिकडे कुणी कुणाला तब्येत विचारत नाही. विचारलीच तर अंगात ताप फणफणत असला तरी माणूस म्हणतो, "हाय आपलं." आमच्याकडे उलटं, खोकून खोकून बरगड्या दुखत असल्या तरी ऊसवाला गडी मिशीला हात लावून सांगणार, "लय भारी." माझा मेहुणा आणि माझा चुलतभाऊ दोघांना एकाच वर्षी एकच दुखणं झालं होतं, तरी एकाला विचारलं तर वाटावं आता काही दिवसांचा सोबती आणि दुसऱ्याला विचारलं तर वाटावं उद्या कुस्ती धरेल. हे मी चाळीस वर्षं जवळून बघितलं होतं. एका जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांचं जर असं, तर समुद्रापलीकडच्या दोन देशांच्या उत्तरांवर मी एवढा भरवसा का टाकला, याचं मला आज नवल वाटतं.

बायको पोरांना एकच विचारायची, काय खाल्लंस. सकाळी काय, दुपारी काय, भाजी कसली, कुणी केली. मी मनात हसायचो. पण फोन ठेवल्यावर ती माझ्यापेक्षा जास्त गप्प असायची, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात मुलाच्या फोनवर तोंड दिसेनासं झालं. आधी तो व्हिडिओवर असायचा, मागे त्याची खोली, खिडकीत ओलं आभाळ. एका रविवारी काळा पडदा आला आणि आतून आवाज. "नेट स्लो हाय, आबा." पुढच्या रविवारी, "कॅमेरा बिघाडलाय." त्याच्या पुढच्या रविवारी, "आंघोळ न्हाई क्येली अजून, कशाला बघता." मी विचारायचो, "तब्येत?" आणि तो म्हणायचा, "एक नंबर." मी लिहायचो. हल्ली माझं अक्षर मोठं झालंय, जाड पेन लागतो, पानावर जेमतेम आठ रविवार मावतात. त्या मोठ्या अक्षरातला 'एक नंबर' पानावर उठून दिसायचा आणि मी स्वतःची समजूत घालायचो.

एक दिवस कणीक मळता मळता बायको म्हणाली, "पोराचं काय खरं दिसंना."

"का? एक नंबर म्हणतोय की."

"तीन रविवार झालं, त्यो खिचडीच खातोय. मऊ खिचडी. न्हाईतर दहीभात. ज्याला झणझणीत रस्सा लागायचा त्यो."

"येकटा ऱ्हातोय, आळस येत आसंल."

"आळस आलेला माणूस मॅगी खातोय, आवं. खिचडी शिजवत न्हाई."

मी तिला उडवून लावलं. म्हटलं, तू काही मेडिकलची नाहीस. हे वाक्य बोलताना मी चहाचा कप टेबलावर ठेवायला गेलो, तो कडेवर टेकला आणि खाली पडून फुटला. तिनं तुकडे गोळा केले आणि माझ्याकडे बघितलं.

पण कीड लागली ती लागलीच. आठवडाभर मी रजिस्टर मागे मागे चाळत बसलो. शेतात पाणी धरलं असताना मनात खिचडी. पारावर बसलं तरी खिचडी. मग मनाशी म्हणायचो, थांब, रविवारी थोरलीला विचारू, ती आडून आडून काहीतरी सांगेल.

रविवार आला. थोरलीला विचारलं, "तब्येत?" आणि ती हसून म्हणाली, "बरी हाय आबा. सगळं बरं."

माझा पेन तिथंच थांबला. सहा वर्षांत जर्मनीच्या बाजूला 'सगळं बरं' हे शब्द पहिल्यांदा आले होते.

"कंबर?"

"बरी हाय."

"गुडघा?"

"बरा हाय म्हनलं की आबा."

दुसऱ्या बापाला आनंद झाला असता. मला घाम फुटला. पलटणीत एक जवान होता, दर सोमवारी डोकं धरून सिक रिपोर्टला यायचा. आम्ही त्याची टिंगल करायचो. एका सोमवारी तो आला नाही, तेव्हा आम्ही हसलो की आज साहेबांचं डोकं सुट्टीवर गेलं. दुपारी बराकीत बघितलं तर तापानं बेशुद्ध पडलेला. नेहमी कण्हणारा माणूस गप्प झाला की मला त्या दिवसापासून भीती वाटते.

पुढच्या रविवारी मी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि बायकोला शेजारी बसवलं. दुपारचे दोन. थोरलीचा फोन आला. ती कुठल्यातरी स्वयंपाकघरात बसली होती, चेहरा ओढलेला, केस कसेबसे बांधलेले. तिच्या डोक्यामागे भिंतीवर काहीतरी गोल पांढरं होतं. मी फोनकडे बघत राहिलो आणि मग बायकोच्या कानाशी हळूच म्हणालो, "त्ये घड्याळ हाय का? किती वाजल्यात त्यात?"

"साडेनऊ."

आमच्या घरात देवाच्या फोटोशेजारी दोन जादा घड्याळं लावलेली आहेत, एक जर्मनीचं, एक आयर्लंडचं. तिकडचे लोक वर्षातनं दोनदा काटे हलवतात, तेव्हा मीही स्टुलावर चढून हलवतो. उन्हाळ्यात आमच्याकडे दोन वाजतात तेव्हा जर्मनीत साडेदहा वाजलेले असतात. साडेनऊ वाजतात ते आयर्लंडात.

म्हटलं, घड्याळ बंद पडलेलं असेल. मी थोरलीला उगाच बोलण्यात गुंतवलं. आडसाली उसाची लागण, म्हशीचं रेडकू, गल्लीतलं लग्न, जे सुचेल ते बोलत राहिलो. मग बायकोला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "नऊ चाळीस." घड्याळ चालू होतं.

"बाय माजे," मी म्हणालो, "तू कुटं हायस?"

"हितंच की. घरी."

"कुनाच्या घरी?"

बायको फोनजवळ सरकली आणि तिच्या स्वभावाप्रमाणे एवढंच म्हणाली, "बाय, त्यानं आज काय खाल्लंय?"

तेव्हा थोरली रडायला लागली.

मग सगळं बाहेर आलं. मुलाच्या पोटात चार महिन्यांपासून दुखत होतं. संडासातून रक्त जात होतं. त्यानं ना खोलीतल्या सोबत्यांना सांगितलं, ना डॉक्टरला. एक दिवस ऑफिसातल्या जिन्यात कोसळला आणि तिथल्या लोकांनी इस्पितळात नेलं. आतड्यात गाठ होती, आतड्याचा तुकडा काढावा लागला. ऑपरेशन होऊन तेरा दिवस झाले होते. थोरली रजा टाकून त्याच्याजवळ जाऊन राहिली होती; तो आतल्या खोलीत निजला होता. गाठ तपासायला पाठवली होती, रिपोर्ट यायचा होता. त्या तेरा दिवसांत एक रविवार आला होता, आणि त्या रविवारी मी त्याला विचारलं होतं, तब्येत? माझ्या रजिस्टरात त्या तारखेपुढे लिहिलेलं आहे, 'एक नंबर.'

मी ओरडलो. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. "मला का न्हाई सांगितलं? मी मेडिकलचा मानूस, मला न्हाई सांगायचं तर कुनाला?"

थोरलीनं डोळे पुसले. ती नर्स आहे, वेळेला कडक बोलते. "आबा, त्यो तुमालाच भितो. मला दुखलं की तुमी लिवता. त्याला दुखलं की तुमी तपासता. त्याला इस्पितळात शुद्ध आली तवा पयलं वाक्य काय बोलला ठावं हाय? आबांना वाटंल बहाना करतोय."

तिला काय म्हणायचं होतं ते मला लगेच कळलं, कारण ते मी कधीच विसरलो नव्हतो. फक्त ते तिच्याही लक्षात असेल असं वाटलं नव्हतं.

मी रजेवर आलो की सकाळी ओसरीवर दोन्ही पोरांना उभं करायचो आणि घरातला सिक रिपोर्ट घ्यायचो. गंमत म्हणून. "तब्येत?" थोरली लहानपणापासून बडबडी, तिचं काही ना काही असायचंच, हात खाजतोय, दात हलतोय, आणि मी लाडानं ऐकून घ्यायचो. मुलगी, म्हटलं सांगू दे. धाकट्याला मात्र जवान करायचा होता. तो पाचवीत असताना एका सकाळी पोट धरून उभा राहिला. त्या दिवशी त्याची गणिताची चाचणी होती. मी पलटणीत वर्षानुवर्षं पोट धरून येणारे बहाणेबाज बघितलेले. त्याला निजवलं, पोट दाबलं. दाबताना तो माझ्याकडे बघत होता आणि ओठ घट्ट मिटून पडला होता, रडला नाही. मी म्हणालो, "काय न्हाई. बहाना हाय. चल, दप्तर उचल." सुभेदारसाहेबांचं सगळं शिकवलेलं मी त्या एका सकाळी विसरलो. जवान बोलला ते न लिहिता माझी डॉक्टरी घुसवली.

दुपारी गुरुजी त्याला मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन आले. अपेंडिक्स फुटलं होतं. कराडच्या दवाखान्यात सर्जननं मला विचारलं, "तुम्ही मेडिकलचे ना?" आणि मला जमीन फाटली असती तर बरं झालं असतं असं वाटलं. पोरगं वाचलं. टाके काढल्यावर घरी आलो, चार दिवसांनी मी त्याला पुन्हा विचारलं, "तब्येत?" तो म्हणाला, "एक नंबर." मी बायकोला म्हणालो, बघ, कसा घट्ट झालाय. तेव्हापासून आजपर्यंत त्यानं मला दुसरं उत्तर दिलेलं नाही, आणि मी ते अभिमानानं लिहीत आलो. जर्मनी आणि आयर्लंड यांत जो फरक मी सहा वर्षं मोजत होतो तो आमच्या ओसरीवर पडला होता.

गाठीचा रिपोर्ट यायला आणखी पाच दिवस लागले. ते दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. गाठ म्हटल्यावर माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्या माणसाच्या डोक्यात जे जे येतं ते सगळं आलं. बायको रोज देवापुढे दिवा लावून एक मिनिट जास्त उभी राहायची, बस. मी मात्र दहा वेळा उठायचो, आयर्लंडच्या घड्याळाकडे बघायचो, पुन्हा बसायचो. एकदा उठताना उंबऱ्याला ठेचकाळलो, अंगठ्याचं नख निघालं. त्या आठवड्यात कवठे महांकाळच्या दोस्ताला फोन करून सांगितलं की माझं सगळं चुकलं, पोरीला कुठंही धाड, पण ती दुखतंय म्हणाली तर ऐकून घे. तो म्हणाला, "काय झालं रं?" मी फोन ठेवला.

पाचव्या दिवशी थोरलीचा फोन आला. गाठ साधी निघाली होती. आतड्याचं दुखणं मात्र आहे, औषधं कायमची, दर काही महिन्यांनी तपासणी. एवढं ऐकल्यावर मी देवाच्या फोटोसमोर नाही, त्या दोन घड्याळांसमोर जाऊन उभा राहिलो, आणि बायकोच्या देखत रडलो. ती म्हणाली, "आता रडून झालं आसंल तर वाईच जेवा."

मग रविवार आला. मी रजिस्टर उघडलं, रेघ मारली. या खेपेला दोघंही एकाच पडद्यावर होते, थोरली अजून तिथंच होती. मुलाचं तोंड मी कित्येक आठवड्यांनी बघत होतो. वाळून गेला होता, गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. मला विचारायची भीती वाटत होती. तरी विचारलं. "तब्येत?"

त्याच्या तोंडात ते दोन शब्द आलेले मला दिसले. थोरली त्याच्याकडे बघत होती. मग तो म्हणाला, "बरं न्हाई, आबा. टाक्यात ओढ बसतीया. भूक लागतीया पर खायाचं भ्या वाटतंय." आणि जरा थांबून, "तिकडं यावंसं वाटतंय."

मी लिहायला घेतलं. जसं बोलला तसंच. 'खायाचं भ्या वाटतंय.' वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी असं वाटत होतं की सहा वर्षांत आयर्लंडहून आलेलं हे पहिलंच पत्र आहे. काळजी कमी झाली नाही, उलट वाढली. पण आता ती कशाची करायची ते तरी कळलं होतं.

"लिवलं का?" त्यानं विचारलं.

"लिवलं."

"आता तुमचं सांगा."

"माजं?" मी म्हणालो. "माजं काय. एक नंबर."

बायको शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसला आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं असं कधी केलं नव्हतं.

"ह्यास्नी डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई," ती म्हणाली. "तीन म्हैनं झालं. मला बी सांगितलं न्हाई. कप कडंला ठिवत्यात, उंबऱ्याला आडखळत्यात, घड्याळ मला वाचाया लावत्यात. मी रोज बघतीया."

मला वाटलं होतं ती बघत नाही. साखरेचं दुखणं मला दहा वर्षांचं. एका सकाळी उठलो तेव्हा डाव्या डोळ्यापुढे काळा जाळा होता. तो काय असतो हे मला पक्कं ठाऊक होतं, दुसऱ्या कुणाला झाला असता तर मी त्याच दिवशी त्याला गाडीत घालून मिरजेला नेला असता. स्वतःला मात्र म्हणालो, जाईल. पोरं लांब, त्यांना कशाला घोर. जाड पेन विकत आणला.

पलीकडून थोरली एकदम बोलायला लागली. कधीपासून, सगळंच दिसत नाही का थोडं दिसतं, साखर किती आहे, उद्याच्या उद्या जा, उशीर झाला तर दुसराही जाईल. मी हो हो म्हणत होतो. मला पडद्यावर मुलाचा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणून मी उजवा डोळा फोनजवळ नेला. तो माझ्याकडेच बघत होता.

"आबा," तो हळू म्हणाला, "खरं हाय, का बहाना?"

त्याच्या आवाजात चेष्टा होती की नव्हती ते मला अजूनही सांगता येणार नाही.

"खरं हाय," मी म्हणालो.

"मग लिवा."

मी जाड पेन उचलला. पानावर दोनच बाजू होत्या, माझ्यासाठी जागा नव्हती. बायकोनं आयर्लंडच्या ओळीखाली, रेघेच्या मधोमध बोट ठेवलं, म्हणजे मला कुठं लिहायचं ते कळावं. तिच्या बोटाच्या कडेनं मी लिहिलं, 'डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. भ्या वाटतंय.' मग दोघांनाही ते मोठ्यानं वाचून दाखवलं.